दुखण्याचा कडता

लातूरच्या आडत बाजारात अडतीस वर्षं गुरुबसप्पांनी एकच काम केलं. दुसऱ्याचं सोयाबीन चावलं.

ऐकायला हे काही फार मोठं कर्तृत्व वाटत नाही. पण ओलावा मोजायची यंत्रं बाजारात आली नव्हती तेव्हा अप्पांची दाढ हेच यंत्र होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळाकडची मूठ काढायची, नाकाशी न्यायची, त्यातला एक दाणा डाव्या दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटायचे. दाणा कट्‌कन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला, एवढं कुणालाही कळतं. अप्पा डोळे उघडून आकडा सांगत, आणि तोही पॉइंटात. पुढं यंत्र आलं तेव्हा बाजारानं पहिल्याच दिवशी दोघांची जुंपवून दिली. अप्पा म्हणाले बारा पॉइंट चार, यंत्रानं दाखवलं बारा पॉइंट सहा. अप्पांनी पुन्हा एक दाणा चावला आणि शांतपणे म्हणाले, "मशीन नवी हाय. शिकंल हळूहळू."

पण त्यांची खरी ख्याती होती ती कडत्याची. पोत्यात माल असतो, तसं जे माल नसतं तेही असतं. माती, काडीकचरा, फुटका दाणा, पाणी. त्यापोटी वजनातून जेवढं कापायचं, तो कडता. शेतकऱ्याला तो नेहमी जास्त वाटतो आणि खरेदीदाराला कमी. अप्पांनी कडता सांगितला की दोघंही सारखेच नाराज होत, आणि बाजारात याहून मोठा न्याय अजून कुणाला जमलेला नाही.

हळूहळू ही खोड घरात शिरली. कुणी सांगितलं की लग्नाला पाचशे माणूस होतं, तर अप्पा जागच्या जागी शंभर कापत, "निस्ते जेवाया आलते त्ये काढा की." मुलाला, संगमेशला, दहावीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा पेढ्याचा पुडा हातात घेऊन हे म्हणाले, "त्यातले चारेक पेपर सोपा आल्याचे." बायको जगदेवी पक्की होती. ती आधीच वाढवून बोलायची. डोकं थोडं दुखलं तरी म्हणायची, "फुटून चाललंय." अप्पा त्यातून निम्मं कापत, उरलेल्या निम्म्याला बाम लावत. दोघांचा संसार असा एकूण आणि निव्वळ यांच्या मधोमध चाळीस वर्षं बरा चालला.

दोन वर्षांपूर्वी जगदेवी गेली. एका सकाळी तिनं छातीत जरा जडजड होतंय म्हणून सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाढवून सांगितलं नाही. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

संगमेश हैदराबादला. कंपनी मोठी, घर उंच. तो दर रविवारी व्हिडिओवर दिसायचा आणि विचारायचा, "कसं आहे अप्पा?" अप्पा म्हणायचे, "मजेत." मग दोघं थोडा वेळ एकमेकांच्या कपाळाकडं बघत, कारण फोन नेमका कुठं धरायचा हे दोघांनाही नीट जमलं नव्हतं.

मग खोकला आला. सोयाबीनच्या हंगामातली धूळ असंल म्हणून दोन महिने गेले. छातीत पाणी झालं तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात पाणी काढलं, गाठ निघाली, आणि फुफ्फुसाचा कॅन्सर आहे हे नक्की झालं. आता अप्पा म्हणजे गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, चहा सोडून कसलं व्यसन नाही. लग्नात सुपारी दिली तर ती हातात घेत, पण केवळ परत ठेवायला. त्यामुळं सगळा बाजार चक्रावला. चाळीस वर्षं पोती वाहिलेला भुजंग हमाल, अप्पांचा जिवाचा दोस्त, तर थेट कानाशीच लागला.

"अप्पा, आता तरी खरं सांगा. कुठं वढत होता? संडासात का?"

"मी न्हाई रे वढलो कधी."

"मी कुनाला सांगत न्हाई. कोन्ती विडी तेवढं सांगा."

कॅन्सरच्या डॉक्टर दामिनीबाईंनी मात्र शंका घेतली नाही. विडी न ओढणाऱ्यांनाही हा होतो म्हणाल्या. गाठीचा तुकडा जनुकं तपासायला पाठवला. तीन आठवड्यांनी कागद आला. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला होता, आणि त्या बदलावर चालणारी गोळी होती. रोज एक.

अप्पांचा चेहरा खुलला. "म्हंजे वाण सापडलं."

"कसलं वाण?"

"आता सोयाबीन बगा बाई. दिसाया सगळं पिवळंच. पन तीनशे पस्तीस निराळं, फुले संगम निराळं. ढिगाकडं बगून कळत न्हाई, बी तपासावं लागतं. तसंच ना हे?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आठ वर्षं त्या हे विद्यार्थ्यांना चित्रं काढून समजावत होत्या. "तसंच आहे काका. वाण कळलं की कोणतं औषध लागू पडेल ते कळतं."

"आन् बी कुनाचं? बापाकडचं का मायकडचं? माझ्या लेकराला..."

"कुणाकडचंच नाही. हा बदल तुमच्या जन्मापासूनचा नाही. फुफ्फुसातल्या एका पेशीत नंतर कधीतरी झालेला. मुलाला याची भीती नाही."

अप्पांनी त्या दिवशी बसस्टँडवर भुजंगला उसाचा रस पाजला. कॅन्सर झाल्याबद्दल रस पाजणारा माणूस भुजंगनं पहिल्यांदाच पाहिला, पण रस सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

दवाखान्यात तेव्हा एक अभ्यास चालू होता. एकाच आजाराची दोन माणसं, एक दुखण्यानं लोळतो आणि दुसरा निवांत चहा पितो, असं का? गाठीच्या जनुकांत त्याचं काही कारण आहे का? कुणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून विचारायचं ठरलं होतं. विचारायचं काम विशाखाकडं होतं. ती बिलोलीकडची, सत्तावीस वर्षांची, आवाज खणखणीत. अप्पांची संमतीची सही घेताना म्हणाली, "दर शुक्रवारी अकरा वाजता फोन करीन अप्पा. दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडं."

"पॉइंटात सांगू का?"

"पॉइंट नको. फॉर्मवर एकच घर आहे."

अप्पांना फॉर्मची कीव आली.

पण शुक्रवारची त्यांना चटक लागली. बुधवारीच फोन चार्जिंगला लागू लागला. बाकीच्या दिवशी त्या घरात बोलणारं असं टीव्हीशिवाय कोणी नव्हतं, आणि टीव्ही उत्तराची वाट बघत नाही. मधे एकदा विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला. अप्पांनी तिला आपल्या आजाराची इतकी व्यवस्थित माहिती दिली की विमा विकणारीनं स्वतःहून फोन ठेवल्याची ही जिल्ह्यातली पहिलीच वेळ असावी. विशाखा मात्र चौदा प्रश्न पुरे विचारायची. सगळ्यात जास्त दुखलं ते किती, सगळ्यात कमी किती, झोपेत अडथळा किती.

"दुखण्यामुळं लोकांशी असलेल्या संबंधांत अडथळा किती?"

"लोकच न्हाईत तर अडथळा कशाचा? शून्य लिहा."

ती शून्य लिहायची. दुखण्याचा आकडा पहिल्यापासून ठरलेला होता. तीन. कधी दोन. तीनच्या वर अप्पा गेले नाहीत. दवाखान्यात तीन म्हणजे साधी गोळी, सकाळी आठ वाजता एक. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरीणबाई फॉर्मवरचा तीन बघत, समोर विभूती लावलेला हसरा म्हातारा बघत, आणि पुढचं नाव पुकारत.

आता खरं काय होतं ते सांगितलं पाहिजे. खरा आकडा आठ होता.

पण अप्पा कधी भरलेल्या पोत्याचं वजन तसंच सांगतील? त्यांनी आधी डोळे मिटून दुखणं दाढेखाली धरलं. त्यात गॅस होता, एक आकडा गॅसापोटी कापला. वय एक्काहत्तर, हाडं कुरकुरणारच, वयापोटी दोन कापले. राहिले पाच. मग चार वाजता येणारं ते एक दुखणं होतं, पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. त्यापोटी दोन कापले. निव्वळ तीन. कॅन्सरचं म्हणून जे होतं ते एवढंच. बाकीचा कचरा दवाखान्याच्या माथी का मारायचा? आपल्या नमुन्यात खोट निघू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

चार वाजताचं दुखणं जगदेवीचं होतं.

याबद्दल अप्पांच्या मनात शंकाच नव्हती. चार वाजता चहा व्हायचा. ती चुलीपुढं, हे पाटावर, मधे दोन कप. आता गॅसची शेगडी ओट्यावर होती आणि अप्पा उभे राहून चहा करत, पण प्यायला बसत ते त्याच पाटावर. बसले, कप उचलला, की पाठीत कुणीतरी अंगठा रोवून दाबल्यासारखं व्हायचं. दाबत दाबत तो अंगठा पार आत जायचा. अप्पांना घाम फुटायचा. पहिल्या वेळी ते घाबरले. दुसऱ्या वेळी घड्याळाकडं पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं, की अरे, ही तर तिची वेळ. मग मात्र ते वाट बघू लागले. दुखत होतं हे खरं, जीव नको व्हायचा हेही खरं, पण त्या घरात दिवसभरात ठरल्या वेळेला न चुकता येणारं तेवढंच एक होतं. तेवढा वेळ ते एकटे नसत. दात आवळून बसत आणि मनाशी म्हणत, आलीस का.

सहा महिने असे गेले.

मग एका शुक्रवारी अकरा वाजता फोन आला आणि अप्पांचा चष्मा खाली पडला.

"सगळ्यात जास्त दुखलं ते किती, अप्पा?"

"तीन."

"आणि आत्ता, या क्षणी?"

अप्पा चष्मा उचलायला वाकले. विशाखाला फोनवर जे ऐकू आलं ते एखाद्या माणसाचं नव्हतं, दारात पाय सापडलेल्या जनावराचं होतं.

"अप्पा! काय झालं? पडलात का?"

बराच वेळ नुसता श्वास. मग, "न्हाई माय. वाकलो जरा. लिहा, तीन."

"हे तीन आहे?"

"निव्वळ तीन."

"निव्वळ म्हणजे?"

मग अप्पांनी अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. गॅसचा एक, वयाचे दोन, आणि घरगुती दोन. कुठंही अंदाजपंचे काम नाही. विशाखा मधे एकदाही बोलली नाही. अप्पांना वाटलं, पोरगी कौतुकानं ऐकून राहिली.

"म्हणजे एकूण आठ?"

"साडेसात. तुमच्या कागदाला पॉइंट चालत न्हाई म्हनून आठ."

"आणि हे केव्हापासून?"

"पहिल्यापासून. मी काय आज धंद्याला लागलो का?"

"अप्पा," तिचा खणखणीत आवाज एकदम खाली आला, "मी दोनशे माणसांना फोन करते. तुमच्या गाठीचं जे वाण आहे त्यात दुखणं कसं असतं ते शोधायला. आणि तुम्ही मला सहा महिने निवडून, पाखडून आकडा देत आलात?"

"मंग? माती बी पाठवायची काय?"

"हो! मातीसकट पोतं पाहिजे होतं मला. निवडायचं काम डॉक्टरांचं. तुम्हीच घरी बसून ठरवलं की हे गॅसचं आणि हे वयाचं, तर आम्ही तपासायचं काय? तुमचा नमुनाच खोटा झाला की हो."

अडतीस वर्षांत हे वाक्य अप्पांना कुणी ऐकवलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, एका शेतकऱ्यानं चप्पल उगारली होती, पण नमुना खोटा? अप्पा पाटावर बसले.

"गॅसाचा एक घ्या परत," ते शेवटी म्हणाले.

"घेतला. चार."

"वयाचे दोन बी घ्या."

"सहा. आणि ते घरगुती दोन?"

"ते न्हाई."

"का?"

"घरचे हायेत म्हनलो ना."

"अप्पा, घरगुती दुखणं म्हणजे काय? कुठं दुखतं, कधी दुखतं?"

ती पोर फॉर्म भरणारी होती. चौदा प्रश्नांनी तिला चिकाटी शिकवली होती. हळूहळू अप्पांकडून निघालं. पाठीत. मधोमध. चार वाजता, चहाच्या टायमाला. जगदेवी.

"ते तुमच्या गोळीला देत न्हाई मी," अप्पा म्हणाले. "बाकीचं सगळं न्या."

विशाखानं सहा लिहिले. पण समासात चार वाजताच्या दुखण्याचंही लिहिलं, आणि कागद घेऊन थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेली.

सोमवारी अप्पा नांदेडला. सोबत भुजंग. अहमदपूर, लोहा करत बस जात होती आणि प्रत्येक खड्ड्याला भुजंग अप्पांच्या पाठीमागं आपला तळहात धरत होता. आयुष्यभर क्विंटलाचं पोतं पाठीवर घेतलेला तो माणूस, पण अप्पांच्या पाठीचं वजन त्याला पेलवत नव्हतं. "कामून सांगितलं न्हाई?" एवढंच तो दोनदा म्हणाला.

दुपारी एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली. पाठीच्या मणक्यांच्या माळेत एक मणी वेगळा दिसत होता.

"इथं हाडात उतरलंय काका. अजून महिनाभर असंच राहिलं असतं तर पायातली ताकद जायची भीती होती. दुखणं चार वाजता वाढतं ना? तुमची गोळी सकाळी आठची, दुपारनंतर तिचा जोर संपतो. आणि चहाला बसता कसे?"

"पाटावर. खाली."

"वाकून. मग दुखणारच."

अप्पा फिल्मकडं बघत होते. "म्हंजे ते चारचं... हाडाचं?"

"हाडाचं."

"सगळं?"

"सगळं."

उपाय त्यांनी सांगितला. मणक्यावर एकदाच किरणं द्यायची, आणि सोबत मॉर्फिनची गोळी, बारा तासांनी एक, घड्याळ लावून. रक्तही तपासायला पाठवायचं, वाणात पुन्हा काही बदल झालाय का ते बघायला. मॉर्फिन म्हणजे अफूच्या बोंडातलं, हे ऐकून भुजंगचे डोळे चमकले. सुपारीही न खाणारा माणूस थेट अफूवर गेला, ही बातमी बाजारात कशी सांगायची याची जुळवाजुळव त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागली.

अप्पांनी घसा साफ केला. "बाई, थोडं ठेवता येतंय का?"

"काय?"

"दुखनं. दोनेक."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना ते गमतीनं म्हणतायत असं वाटलं. मग त्यांनी अप्पांचं तोंड पाहिलं आणि हसू थांबवलं. "काका, ठेवून काय करणार?"

अप्पा उठले. "इचार करून सांगतो," म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले. भुजंगनं सगळ्या देवांच्या शपथा घातल्या, तरी अप्पा हलेनात. पाय जातील तर जाऊ देत, चालून जायचं कुठं होतं? बाकाच्या दुसऱ्या टोकाला विशाखा येऊन बसली. सहा महिने बोलणं होत होतं, पण सहीच्या दिवसानंतर समोरासमोर पहिल्यांदाच. तिच्या मांडीवर फॉर्मचा गठ्ठा होता.

"अप्पा, एक विचारू? ते दुखणं त्यांचं असेल, तर ते गोळीनं जाईल का?"

अप्पांनी मान हलवली. "गोळीचा काय संबंध?"

"मग घ्या गोळी. राहिलं, तर ते त्यांचं. गेलं, तर त्यांचं नव्हतं."

अप्पांनी तिच्याकडं वळून पाहिलं. असला सरळ कस त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मालाला लावला होता. स्वतःच्या मालाला नको म्हणायला तोंड कुठं होतं? आणि मनातून त्यांची खात्रीही होती. राहणारच. ते उठले, आत गेले आणि म्हणाले, "करा."

किरणांना दहा मिनिटं लागली. मॉर्फिननं पहिले चार दिवस झोप आणि बद्धकोष्ठ दिलं. बद्धकोष्ठाचा आकडा मात्र अप्पांनी विशाखाला मातीसकट सांगितला, इतका की तिनंच "पुरे, पुरे" म्हटलं. शुक्रवारी सहा, पुढच्या शुक्रवारी तीन. हे तीन एकूण तीन होते. तिसऱ्या आठवड्यात अप्पा खिडकीची जाळी पुसायला स्टुलावर चढले आणि उतरल्यावर लक्षात आलं, की आपण स्टुलावर चढलो होतो.

त्या दिवशी चार वाजता त्यांनी चहा केला. पाटावर बसले. कप उचलला.

काही झालं नाही.

थोडे वाकले. मग अजून वाकले. पाठीत नुसती पाठ होती. आज उशीर झाला असेल म्हणून त्यांनी कप खाली ठेवला आणि साडेचारपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी चहा तीनला केला, तिसऱ्या दिवशी पाचला. पाट भिंतीपासून हलवून जुन्या चुलीच्या जागेकडं तोंड करून बसले. एकदा तर तांदळाचा डबा उगाच उचलून पाहिला. ठणठणीत झालेला माणूस हरवलेला चष्मा शोधावा तसा आपलं दुखणं घरभर शोधत होता, हे कुणी पाहिलं असतं तर हसला असता. पण पाहायला कुणी नव्हतं, अडचण तीच होती.

चौथ्या दिवशी त्यांनी शोधणं थांबवलं. पारख चुकली होती. सहा महिने ज्याला दात आवळून जवळ बसवलं, ते एक किडलेलं हाड होतं. ती त्यात नव्हती. म्हणजे ती दोन वर्षं नव्हतीच, कुठंच. हे त्यांना कळलं ते दुखणं गेल्यावर, स्वच्छ, उजेडात, कपातला चहा निवत असताना. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. घर फक्त फार मोठं झालं. दोन खोल्यांचं घर.

शुक्रवारी विशाखानं विचारलं. अप्पा म्हणाले, "शून्य."

"खरं शून्य?"

"खरं."

"अहो अप्पा, केवढी चांगली बातमी!" ती मनापासून खूश झाली होती. मग तिला काहीतरी जाणवलं. "ते चारचं पण?"

"ते बी."

"मला वाटलं होतं राहील," ती म्हणाली. पोरगी खोटं बोलत होती, पण चांगल्या मनानं. मग तिनं उरलेले प्रश्न विचारले, तिला अजून एकोणीस फोन करायचे होते.

बुधवारी, चार वाजता, अप्पांनी संगमेशला फोन लावला. साधा, बिनचित्राचा. बुधवारी त्यांनी कधी फोन केला नव्हता, त्यामुळं पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अप्पा? काय झालं? दुखतंय का?"

"न्हाई. दुखत न्हाई."

"मग?"

"तेच सांगाया लावलो. कायच दुखत न्हाई आता." अप्पा थांबले. त्यांच्या तोंडात 'मजेत' तयार होतं, वीस वर्षांच्या सवयीचं. ते त्यांनी गिळलं. "आन् करमत न्हाई रे, संगू. लई एकटं वाटाया लागलंय."

तिकडं मागं कुणीतरी हसत होतं, खुर्चीची चाकं फिरत होती.

"अप्पा, मी मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी निवांत करू का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "आत्ता बोल."

दार उघडल्याचा आवाज आला, मग जिन्यातल्या पावलांचा, मग मोकळ्या रस्त्याचा, हॉर्नचा. "बोला अप्पा. आलो बाहेर."

पण बोलायला अप्पांकडं काहीच नव्हतं. आत्ता बोल म्हणेपर्यंतच त्यांची तयारी होती. त्यांनी फोन कानाला धरून ठेवला. हैदराबादची गाडी लातूरच्या स्वयंपाकघरातून गेली.

"चहा झाला का?" संगमेशनं विचारलं.

"हातात हाय."

"गार करू नका."

अप्पांनी एक घोट घेतला.

"झालाय गार," त्यांनी सांगितलं.